वेबसाइटसाठी फुकट स्टॉक व्हिडिओ: कुठून घ्यायचे, कसे टाकायचे आणि लोक कुठे अडकतात

वेबसाइट जवळपास तयार झाली की हमखास एक फर्माईश येते, "वर होमपेजला एखादा व्हिडिओ फिरत ठेवा ना, त्या अमक्याच्या साइटवर आहे तसा." शूटिंगला बजेट नसतं, कॅमेरावाला दिवसाचे पैसे सांगतो, मग आपण गूगलवर 'फ्री व्हिडिओ डाउनलोड' टाकतो आणि तिथून गोंधळाला सुरुवात. मी छोट्या धंद्यांच्या साइट्स करतो, होमस्टे, क्लासेस, दवाखाने, आंबेवाले, आणि हा विषय प्रत्येक कामात निघतोच, म्हणून एकदा सगळं सलग लिहून ठेवतोय. कोडिंग येत नसेल तरी चालेल.

स्टॉक व्हिडिओ म्हणजे कोणीतरी आधीच शूट करून इतरांना वापरायला ठेवलेल्या क्लिप. एक गोष्ट आधीच डोक्यात पक्की करा. क्लिप फुकट आहे म्हणजे फक्त ज्याने ती शूट केली त्याने परवानगी दिलीय. क्लिपमध्ये दिसणाऱ्या बाईने दिलीय का, मागे दिसणाऱ्या लोगोवाल्या कंपनीने दिलीय का, हे वेगळे प्रश्न आहेत आणि बहुतेक भानगडी तिथूनच निघतात.

आधी हे जवळ असू द्या

- कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप (फोनवर होतं, पण वैताग येतो)
- हँडब्रेक, व्हिडिओ हलका करायचं फुकट सॉफ्टवेअर, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यांवर चालतं
- व्हीएलसी प्लेयर, तो बहुतेकांकडे असतोच
- एक एक्सेल किंवा गूगल शीट, नोंद ठेवायला (हे टाळू नका, कारण खाली येईलच)
- तुमच्या होस्टिंगचं (साइटच्या फाइल जिथे ठेवल्यात त्या सेवेचं) लॉगिन आणि एका फाइलची अपलोड मर्यादा किती आहे ती माहिती

१. व्हिडिओ खरंच लागतोय का ते बघा

हे ऐकायला कोणाला आवडत नाही, पण अर्ध्या साइट्सना व्हिडिओची गरजच नसते. दवाखान्याच्या साइटवर माणूस येतो तो वेळ, पत्ता आणि फोन नंबर बघायला, त्याला तिथे स्टेथोस्कोप घेऊन हळूहळू वळणारा डॉक्टर नकोय. व्हिडिओ कुठे शोभतो? जिथे वातावरण विकायचंय तिथे. होमस्टे, ट्रेक, कॅफे, योगाचे क्लास, लग्नाचा हॉल.

आणि जे विकताय तेच दाखवायचं असेल तर स्टॉक वापरूच नका. तारकर्लीच्या होमस्टेवर बालीचा निळाशार समुद्र लावलात तर पाहुणे पोचल्यावर भांडणार, आणि भांडण सोडा, २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींची तरतूद आहे, तुमची वेबसाइट त्यातून सुटत नाही. माझा नियम सोपा आहे: पाऊस, ढग, चहाची वाफ, समुद्राची लाट, बाजारातली गर्दी हे स्टॉकमधून, पण खोली, जेवणाचं ताट, आंब्याची पेटी, शिकवणारे सर हे स्वतःच्या फोनवर शूट केलेलं. फोन आडवा धरा, लेन्स रुमालाने पुसा, कोपर टेबलावर टेकवा आणि दहा-पंधरा सेकंद हलू नका, एवढ्यावर खूप काम होतं.

२. 'फुकट'चे प्रकार समजून घ्या

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथे घाई केली तर पुढचं सगळं वाया जातं म्हणून थोडा धीर धरा.

पहिला प्रकार म्हणजे साइटचं स्वतःचं लायसन्स. पेक्सेल्स, पिक्साबे, मिक्सकिट यांचं असं आहे. पेक्सेल्स आणि पिक्साबेवर साधारण असं असतं की धंद्याच्या साइटवर वापरा, कापा, रंग बदला, नाव द्यायची सक्ती नाही (दिलंत तर चांगलंच). पण क्लिप जशीच्या तशी विकायची नाही, दुसऱ्या स्टॉक साइटवर चढवायची नाही, आणि ओळखू येणाऱ्या माणसाला वाईट प्रकाशात दाखवायचं नाही. हे शेवटचं लोक वाचतच नाहीत. समजा, तुम्ही व्यसनमुक्ती केंद्राची साइट करताय आणि पेक्सेल्सवरून खिडकीपाशी उदास बसलेल्या एका तरुणाची क्लिप घेतली. तो बिचारा कुठल्यातरी देशात मित्रासाठी पोझ देऊन बसला होता, तुम्ही त्याला दारुड्या करून टाकलंत. लायसन्स असूनही हे चालत नाही. अशा विषयांना (गुप्तरोग, कर्ज, घटस्फोट, मानसिक आजार) चेहरा नसलेली क्लिप घ्यायची: हात, पाठमोरा माणूस, सावली, रिकामी खुर्ची.

तसंच त्या माणसाने तुमच्या मालाची शिफारस केल्यासारखं दाखवायचं नाही. हसऱ्या बाईच्या क्लिपखाली "माझी गुडघेदुखी महिन्यात थांबली" असं लिहिलं की झालंच.

दुसरा प्रकार क्रिएटिव्ह कॉमन्स, म्हणजे कोणीही आपल्या कामाला लावू शकेल अशी तयार लायसन्सं. यात अक्षरांवर सगळं अवलंबून असतं. 'सीसी झिरो' म्हणजे हक्कच सोडून दिलेत. 'बाय' म्हणजे नाव द्यावं लागेल. 'एनसी' असेल तर धंद्यासाठी नाही, मग तुमचा धंदा कितीही छोटा असो. 'एनडी' असेल तर बदल करून वापरायचं नाही, आणि बॅकग्राउंडसाठी आपण काटछाट करतोच, म्हणून ते सरळ सोडून द्या. 'एसए' म्हणजे तुम्ही त्यात बदल करून जे बनवाल तेही त्याच अटींवर खुलं करावं लागेल, क्लायंटच्या कामात हे लफडं नको.

तिसरा प्रकार पब्लिक डोमेन, म्हणजे कॉपीराइट नाहीच. इथे एक मोठा गैरसमज आहे की सरकारी म्हणजे सगळ्यांचं. अमेरिकेत केंद्र सरकारच्या कर्मचाऱ्यांनी कामाचा भाग म्हणून बनवलेल्या गोष्टींवर तिथे कॉपीराइट नसतो, म्हणून नासाचं बरंचसं फुटेज मोकळेपणाने वापरता येतं (नासाचा लोगो नाही हं, आणि अंतराळवीरांचे चेहरे जाहिरातीसाठी नाही). आपल्याकडे तसं नाही. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सरकारी कामावरही ६० वर्षं कॉपीराइट आहे, त्यामुळे एखाद्या खात्याने चढवलेला धबधब्याचा सुंदर ड्रोन व्हिडिओ उचलून तुमच्या रिसॉर्टच्या साइटवर लावता येत नाही. लेखी परवानगी मागा.

आता नेहमी ऐकू येणारी वाक्यं. "दहा सेकंदांपेक्षा कमी असेल तर चालतं." नाही, असा कुठलाही नियम नाही. "खाली क्रेडिट टू ओनर लिहिलं की झालं." नाही झालं, नाव देणं आणि परवानगी असणं वेगळं. "गूगलवर दिसतंय म्हणजे फ्री आहे." यावर काय बोलणार.

३. कुठे शोधायचं

पेक्सेल्स आणि पिक्साबे इथून सुरुवात करा. दोन्ही मूळच्या जर्मनीतल्या, दोन्ही २०१९ मध्ये कॅनव्हाने घेतल्या, म्हणून कॅनव्हात डिझाइन करताना तीच क्लिप दिसली तर दचकू नका. पेक्सेल्सवरचा माल मला जास्त नीटनेटका वाटतो, पिक्साबेवर शोधायला वेळ लागतो पण ढग, पाणी, निसर्ग, ॲनिमेशनवाली बॅकग्राउंड तिथे भरपूर. जुन्या लेखांत लिहिलेलं असतं की पिक्साबेवर सगळं सीसी झिरो आहे, काहीही करा. ते २०१९ च्या सुरुवातीला बदललं, आता त्यांच्या स्वतःच्या अटी आहेत, तेव्हा जुन्या माहितीवर जाऊ नका.

कव्हर (Coverr, शेवटी दोन आर) नावाची साइट खास वेबसाइटच्या बॅकग्राउंडसाठीच सुरू झालेली, क्लिप छोट्या आणि शांत असतात, हेडलाइनच्या मागे ठेवायला सोयीच्या. मिक्सकिट ही एन्व्हाटो कंपनीची, दर्जा चांगला, पण तिथे दोन लायसन्स आहेत, एक मोकळं आणि एक 'रिस्ट्रिक्टेड', दुसरं असेल तर धंद्याच्या साइटला नको. क्लिपच्या पानावरच लिहिलेलं असतं, बघूनच डाउनलोड दाबा. व्हिडेव्होवरही लायसन्सची सरमिसळ आहे, काही क्लिपना नाव द्यावं लागतं.

विकिमीडिया कॉमन्सवर खऱ्या जागांचे, किल्ल्यांचे, पक्ष्यांचे, यंत्रांचे व्हिडिओ मिळतात जे स्टॉकवाल्यांकडे नसतात, पण प्रत्येक फाइलची अट वेगळी, आणि फाइल बहुतेकदा वेबएम फॉरमॅटमध्ये येते. इंटरनेट अर्काइव्हवर प्रेलिंगर संग्रह म्हणून जुन्या अमेरिकन जाहिराती आणि शैक्षणिक फिल्म्सचा खजिना आहे, रेट्रो लूक हवा असेल तर तिथे जा, पण संध्याकाळ मोकळी ठेवून जा कारण बघत बसायला होतं.

यूट्यूबवर फिल्टरमध्ये क्रिएटिव्ह कॉमन्स निवडता येतं, पण मी ते टाळतो. एक तर डाउनलोडरने व्हिडिओ ओढणं यूट्यूबच्या अटींत बसत नाही, आणि दुसरं म्हणजे कित्येक जण दुसऱ्याचा व्हिडिओ चढवून वर क्रिएटिव्ह कॉमन्सचा शिक्का मारतात. चोराने दिलेली परवानगी आपल्या काय कामाची. वापरायचाच असेल तर चॅनलवाल्याला मेल करून मूळ फाइल मागा, छोटे चॅनलवाले खुशीने देतात.

४. शोधताना काय टाइप करायचं

इंग्रजी अक्षरांतच टाइप करा, मराठीत टाकलं तर फारसं हाती लागत नाही. आणि भावना टाकू नका, वस्तू टाका. 'सक्सेस' टाकलं की सूटबूट घालून टाळ्या देणारे गोरे लोक येणार. त्याऐवजी 'स्टुडंट रायटिंग नोटबुक', 'चॉकबोर्ड क्लोज अप' असं टाका. पुढे 'टॉप व्ह्यू', 'स्लो मोशन', 'टाइमलॅप्स', 'एरियल', 'कॉपी स्पेस' हे शब्द जोडून बघा. 'कॉपी स्पेस' फार उपयोगी, त्यात एका बाजूला मोकळी जागा सोडलेली असते आणि तुमचं शीर्षक तिथे बसतं. आडवा की उभा हा फिल्टर आधीच लावा.

'इंडिया' टाकलं की बहुतेक वाराणसी, राजस्थान आणि ताजमहाल. मुंबईचं बऱ्यापैकी मिळतं, लोकल, मरीन ड्राइव्ह, टॅक्सी वगैरे. सांगली, लातूर, चंद्रपूर विसरा. अशा वेळी गावाचं नाव सोडून गोष्ट शोधा: 'शुगरकेन फील्ड', 'कॉटन प्लांट', 'मान्सून रेन लीफ'. उसाचं पान जवळून कुठलंही असलं तरी उसाचंच दिसतं.

एक चांगली क्लिप सापडली की त्या शूट करणाऱ्याच्या नावावर क्लिक करा. त्याच जागेची, त्याच उजेडातली चार-पाच तरी मिळतात आणि साइट एकसारखी दिसते.

५. क्लिप नीट बघा, दोनदा बघा

हे काम माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं आणि कोणी करत नाही. फुलस्क्रीन करून पहिल्यापासून शेवटपर्यंत बघा, नंतर कडेकडेने बघा. गाडीचं स्टीअरिंग डावीकडे आहे का? भिंतीवरचा प्लगचा सॉकेट आपल्याकडचा आहे का? भाताच्या खाचरात टोकदार टोपी घातलेली बाई दिसली तर ते व्हिएतनाम किंवा आसपासचं, कोकणातल्या शेतकऱ्याला एका नजरेत कळतं. 'इंडियन वेडिंग' मध्ये लेहेंगा, शेरवानी, घोडी सगळं असेल पण मुंडावळ्या आणि अंतरपाट शोधून दमाल. पुण्यातल्या मंगल कार्यालयाच्या साइटवर ते चालणार नाही, मुलीकडचे पहिल्या मिनिटात विचारतील.

मग लोगो बघा. लॅपटॉपच्या पाठीवरचा, बुटावरचा, कॉफीच्या कपावरचा, दुकानाच्या पाटीवरचा. ओझरता मागून गेला तर ठीक, मधोमध असेल तर कापा किंवा दुसरी घ्या. गाड्यांचे नंबर, लहान मुलांचे चेहरे असले तर मी क्लिप सोडतो. आणि एक मजेशीर गोष्ट, रात्री दिवे लागलेला आयफेल टॉवर धंद्याच्या कामाला नका वापरू, त्या रोषणाईवर वेगळा हक्क सांगितला जातो, दिवसाचा टॉवर चालतो. ट्रॅव्हल एजंटांनो, तुमच्यासाठी सांगतोय.

हल्ली काही साइट्सवर एआयने बनवलेल्या क्लिपही मिसळलेल्या असतात. बोटं मोजा, पाट्यांवरची अक्षरं वाचायचा प्रयत्न करा, मागून चालणारा माणूस मधेच गायब होतो का बघा.

६. डाउनलोड करा आणि लगेच नोंद करा

पानावर दोन-तीन हिरवी डाउनलोड बटणं दिसली तर त्यातली एखादी जाहिरात असते. क्लिप एमपीफोर किंवा एमओव्ही (विकिमीडियावर वेबएम) अशीच येते, ईएक्सई किंवा एपीके आली तर उघडू नका, डिलीट. वरच्या ओळीत बऱ्याचदा दुसऱ्या पेड साइटच्या क्लिप प्रायोजित म्हणून दाखवतात, वॉटरमार्क दिसला की समजायचं ही आपली नाही.

फोरके घेऊ नका. हाताशी फुल एचडी असली की पुरे.

मग शीटमध्ये एक ओळ: क्लिपच्या पानाची लिंक, शूट करणाऱ्याचं नाव, डाउनलोडची तारीख, लायसन्सचं नाव, कोणत्या साइटवर कोणत्या पानावर लावली. सोबत लायसन्स दिसेल असा त्या पानाचा स्क्रीनशॉट. हे कशाला? अटी बदलतात, क्लिप काढून टाकल्या जातात, अकाउंट बंद होतात, आणि दोन वर्षांनी कोणी विचारलं तर तुमच्याकडे दाखवायला काहीतरी हवं. फाइलचं नावही बदला, 'व्हिडिओ १ फायनल नवीन' असं नको, 'पेक्सेल्स-समुद्र-लाट' असं काहीतरी.

७. क्लिप हलकी करा

डाउनलोड केलेली फाइल थेट साइटवर टाकणं हा सगळ्यात कॉमन घोळ. समजा क्लिप ८० एमबीची आहे आणि महिन्याला हजार लोक आले, तर ८० जीबी डेटा नुसता त्या समुद्राच्या लाटेवर गेला. स्वस्त होस्टिंग बसतंच, आणि गावाकडे एका काडीच्या नेटवर्कवर साइट उघडायची वाट बघणारा माणूस केव्हाच निघून गेलेला असतो.

हँडब्रेक उघडा, फाइल आत ओढून टाका आणि एवढं करा:

- प्रीसेट 'फास्ट ७२०पी ३०' निवडा. मागे फिरणाऱ्या व्हिडिओला एवढं पुरतं, अक्षरं वाचता यावीत म्हणून वरून काळसर थर येणारच आहे.
- 'रेंज' मध्ये सेकंद निवडून ८ ते १२ सेकंदांचा तुकडा घ्या.
- ऑडिओ टॅबमध्ये जाऊन ट्रॅक काढून टाका. आवाज लागणारच नाहीये, मग वजन कशाला.
- व्हिडिओ टॅबमध्ये आरएफ (चित्राच्या दर्जाचा आकडा) २६ ते २८ च्या आसपास. आकडा वाढला की फाइल लहान आणि चित्र थोडं मऊ होतं, दोन-तीनदा करून बघा.
- 'वेब ऑप्टिमाइझ्ड' वर टिक. ही विसरलात तर पूर्ण फाइल उतरेपर्यंत व्हिडिओ सुरू न व्हायची शक्यता असते.

माझं लक्ष्य ३ एमबीच्या आत. हिशोब सोपा आहे, २ मेगाबिट प्रति सेकंदाने १० सेकंद म्हणजे २० मेगाबिट, आणि ८ मेगाबिटचा एक एमबी, म्हणजे अडीच एमबी. पाण्याचे तुषार, झाडाची पानं, गर्दी अशा क्लिप ऐकत नाहीत कारण फ्रेममध्ये सगळंच हलत असतं, ढग आणि वाफ मस्त दबतात. निवडतानाच हे ध्यानात घेतलं तर पुढे डोकेफोड नाही.

लूप करताना (म्हणजे क्लिप संपली की परत पहिल्यापासून) शेवटची फ्रेम आणि पहिली फ्रेम यांत झटका जाणवतो. कॅमेरा स्थिर असलेली क्लिप घेतली तर तो कमी दिसतो, कॅमेरा सरकत असेल तर दर दहा सेकंदांनी उचकी लागल्यासारखं होतं.

शेवटी व्हीएलसीमध्ये क्लिप उघडून एक चांगली फ्रेम 'टेक स्नॅपशॉट' ने काढून ठेवा, हा तुमचा पोस्टर फोटो, व्हिडिओ सुरू होईपर्यंत तोच दिसतो. हाही हलका करायचा बरं का.

८. साइटवर बसवा

वर्डप्रेस असेल तर 'कव्हर' ब्लॉकमध्ये व्हिडिओ टाकता येतो, आवाज बंद आणि लूप आपोआप असतं, वरच्या थराची ओपॅसिटी (गडदपणा) ५० च्या वर न्या म्हणजे अक्षरं वाचता येतील. एलिमेंटरमध्ये (वर्डप्रेसची पानं बांधायचं प्लगइन) सेक्शनच्या बॅकग्राउंडला व्हिडिओचा पर्याय आहे, तिथे फोनवर चालवायचा की नाही हेही ठरवता येतं आणि फोनसाठी पर्यायी फोटो देता येतो.

एचटीएमएल हाताने लिहिणाऱ्यांनी व्हिडिओ टॅगला ऑटोप्ले, म्यूटेड, लूप, प्लेजइनलाइन आणि पोस्टर हे पाचही द्यायचे. म्यूटेड विसरलात तर क्रोम तो आपोआप चालवेलच असं नाही (२०१८ पासून आवाजाचे व्हिडिओ आपोआप चालवण्यावर बंधनं आहेत), आणि प्लेजइनलाइन विसरलात तर आयफोनवर लोचा होतो.

स्टॉक साइटवरच्या फाइलची लिंक थेट तुमच्या पानात चिकटवू नका. त्यांनी फाइल हलवली की तुमच्याकडे काळा चौकोन.

थांबवायचं बटणही द्या. पाच सेकंदांपेक्षा जास्त आपोआप हलणारी गोष्ट थांबवता आली पाहिजे असं वेब ॲक्सेसिबिलिटीचे (साइट अपंगांसकट सगळ्यांना वापरता यावी यासाठीचे) नियम सांगतात, आणि खरंच काही लोकांना हलत्या चित्राने गरगरतं. कंपनीची किंवा परदेशातल्या क्लायंटची साइट असेल तर हे तपासलं जातं.

९. स्वस्त फोनवर बघा

तुमच्या ऑफिसच्या वायफायवर सगळंच भारी दिसतं. घरातला सगळ्यात जुना अँड्रॉइड घ्या, वायफाय बंद करा, जमलं तर एसटी स्टँडवर उभं राहून साइट उघडा. शीर्षक आणि फोनचं बटण लगेच दिसायला हवं, व्हिडिओ मागाहून आला तरी चालेल. आयफोन लो पॉवर मोडवर टाकूनही बघा, तिथे व्हिडिओ आपोआप सुरू होत नाही, म्हणजे लोकांना फक्त पोस्टर दिसणार, तो चांगला असायला हवा हे तेव्हा पटतं.

१०. नोटीसचा मेल आला तर

"तुमच्या साइटवर आमचा व्हिडिओ आहे, इतके पैसे भरा" असा मेल कधीतरी येतो. आधी मेल कोणाचा आहे ते बघा. 'पुरावा इथे डाउनलोड करा' अशी लिंक असेल तर क्लिक करू नका, खोट्या कॉपीराइट तक्रारीच्या नावाखाली व्हायरस पाठवायचे प्रकार चालतात. मेल खरा वाटला तर क्लिप तात्पुरती काढून त्या जागी पोस्टर फोटो राहू द्या (तो त्याच क्लिपमधून काढलेला असेल तर तोही बदला), शीटमधली ओळ आणि स्क्रीनशॉट काढा आणि शांतपणे उत्तर लिहा की अमुक साइटवरून अमुक तारखेला अमुक लायसन्सखाली घेतली आहे, तुमचा हक्क कसा ते कळवा. फोनवर काही कबूल करू नका, सगळं लेखी. रक्कम मोठी असेल किंवा वकिलाच्या लेटरहेडवर आलं असेल तर आपणही वकील गाठायचा. आणि क्लिप काढली तरी शीटमधली ओळ खोडू नका, कधी लावली आणि कधी काढली या दोन्ही तारखा तेव्हा विचारल्या जातात.